धुराची सीमा

“वीरू, तुझं कर्नाटक आवर रं बाबा!”

फोन उचलल्या उचलल्या ब्राह्मी आक्काचं हे पहिलं वाक्य. ‘कसा आहेस’ नाही, ‘चहा झाला का’ नाही. कर्नाटक आवरायचं काम माझ्याकडे कधीपासून आलं, मला ठाऊक नव्हतं. मी निपाणीतल्या एका पतसंस्थेचा निवृत्त व्यवस्थापक. नोकरीत असताना मला माझा शिपाई आवरला नाही. पण आक्का माझ्याहून मोठी, आणि लग्न होऊन नदीपलीकडे कागलच्या बाजूला, म्हणजे महाराष्ट्रात, नांदायला गेली तेव्हापासून कर्नाटकातल्या प्रत्येक घडामोडीला ती मलाच जबाबदार धरत आली आहे. इकडची बस नाक्यावर बंद पडली तर मी. इकडे पाऊस जास्त होऊन तिकडे नदी चढली तरी मीच.

“काय झालं आक्का?”

“काय व्हायचंय! तुमच्या चिमणीनं सूर्य गिळला. दोन घास पोटात गेलते, वर बघितलं तर सूर्य न्हाय. ताट तसंच बाजूला सारलं. ह्या आठवड्यात दुसऱ्यांदा.”

हे जरा उलगडून सांगायला हवं. आम्ही जैन. दिवस मावळला की जेवायचं नाही, पाणीसुद्धा नाही, हा आक्काचा मुलगी असल्यापासूनचा नेम. माझाही होता, पण तो पतसंस्थेच्या वार्षिक सभांनी आणि त्यानंतरच्या हॉटेलातल्या जेवणांनी हळूहळू खाल्ला. आणि चिमणी म्हणजे नदीच्या अलीकडे, आमच्या हद्दीत, एका साखर कारखान्याचं वीजघर आहे, त्याची. पूर्वी तिथं उसाचं चिपाड जाळून वीज करायचे आणि हंगाम संपला की गप्प बसायचे. अलीकडे त्यांना दगडी कोळशाची गोडी लागली होती. थंडीत वारा इकडून तिकडे वाहतो. संध्याकाळी तो धूर आक्काच्या गावापलीकडच्या डोंगरावर गोधडीसारखा पसरतो आणि सूर्य मावळायच्या आधीच तिच्यात शिरून झोपतो.

“पण आक्का, दाजी म्हणत असतील ना, पंचांगात वेळ छापलेली असते. ती बघून जेव.”

“ते म्हणत्यात. मी म्हटलं, नेम सूर्यासमोर घेतलाय, पंचांगासमोर न्हाय.”

 मी “बघतो” म्हणालो. आयुष्यात मी कर्जदारांना हजारो वेळा “बघतो” म्हणालो आहे आणि कधीच काही बघितलेलं नाही. पण त्या संध्याकाळी फोन ठेवला आणि आमच्या लहानपणीचं घर डोळ्यांपुढे आलं.

थंडीचे दिवस. गावभर तंबाखूचा वास. तो आम्हाला वास वाटतच नसे, निपाणीची हवा तशीच असते अशी आमची समजूत होती. आमचे आप्पा, पायगोंडा चौगुले, वखारीतून यायचे तेच मुळी दिवस कलताना. मग अव्वाची, म्हणजे आईची, धांदल. ती चुलीपुढे, आप्पा पाटावर, आणि आक्का माडीवर पहाऱ्याला. आक्का वरून ओरडायची, “अजून हाय! अजून हाय!” आणि अव्वा त्या तालावर भाकरी थापायची. सूर्य डोंगराला टेकला की आक्काचा आवाज चढायचा. “टेकला! अर्धा गेला!” मग आप्पा शेवटचा घास घेऊन, वर ताक पिऊन, हात धुऊन मोकळे व्हायचे. मला वाटायचं, आक्काच सूर्याला धरून ठेवते. ती ओरडायची थांबली की तो जातो.

आणि त्या आक्काला आता सूर्य दिसत नव्हता.

मी बंगळूरला आमच्या श्रद्धाला फोन लावला. ती ऊर्जेच्या विषयात शिकलेली. मला वाटलं, ती म्हणेल, चिमणीला जाळी बसवायला सांगा. ती म्हणाली, “पप्पा, आत्याला दिसतो तो धूर गाळता येतो. पण न दिसणारा कार्बन वायू गाळून जात नाही. ऊन तापतंय, पाऊस लहरी झालाय, ते त्याच्यामुळं. त्याला एकच उपाय, कोळसा कमी जाळायचा. त्यावर कडक मर्यादा पाहिजे.”

“मग आपल्या सरकारला सांगतो, मर्यादा घाला म्हणून.”

“फक्त आपल्या नाही. इकडे कडक केलं तर हेच लोक नदी ओलांडून तिकडे बॉयलर लावतील आणि वायर टाकून वीज परत इकडे आणतील. पलीकडेही एक वीजघर आहेच की. पावसाळ्यात वारा उलटला की त्याचा धूर तुमच्यावर येतो. सगळ्या सीमाभागाची मिळून एकच मर्यादा हवी, आणि ती दरवर्षी खाली यायला हवी.”

मला हे एकदम पटलं. पतसंस्थेत असताना एका भावाला कर्ज नाकारलं की दुसरा भाऊ त्याच शेतावर कर्ज मागायला यायचा, तसलाच हा प्रकार. मी अर्ज लिहायला बसलो.

आमच्या गल्लीत गुप्तता नावाची गोष्ट नाही. मी कागदावर ‘सविनय’ लिहीपर्यंत शेजारचे मारुतीराव दारात होते. ते वीज खात्यातून निवृत्त झालेत, त्यामुळे विजेबद्दल कुणी वाकडं बोललं की त्यांना घरच्या माणसाला बोलल्यासारखं लागतं.

“अण्णा, वीजघराच्या विरोधात अर्ज करताय म्हणं?”

“विरोधात नाही. मर्यादा घाला म्हणतोय.”

“तेच ते. आणि हा वर पंखा फिरतोय तो कशावर? तुमचा गिझर कशावर चालतोय? त्यांचंच खायाचं आणि त्यांनाच शिव्या?”

थंडीत पंखा फिरत होता कारण क्षमानं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, खाली कुरडया वाळत घातल्या होत्या. पण ते सांगण्यात काही प्रतिष्ठा नव्हती. तेवढ्यात समोरच्या बाळाबाई आल्या. त्या म्हणाल्या, “एवढं कशाला? आक्कांना म्हणावं, चारलाच जेवत जावा.” मी तो सल्ला प्रामाणिकपणे फोनवरून पलीकडे पोचवला. आक्का म्हणाली, “चारला जेवायला मी काय दवाखान्यात ॲडमिट हाय?”

मारुतीरावांचं बोलणं मात्र मला लागलं. मी त्याच दिवशी जाहीर केलं की आजपासून माझ्यासाठी गिझर बंद. क्षमा म्हणाली, “अहो, डिसेंबर आहे. उन्हाळ्यात तत्त्वनिष्ठ व्हा.” पण माणसाला मान असतो. मी थंड पाण्यानं अंघोळ केली आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात णमोकार मंत्र म्हटला. त्या अंघोळीनं पुढे काय वाढून ठेवलं होतं ते त्या वेळी कळलं नाही.

अर्ज घेऊन मी बेळगावला गेलो. कॉलेजला मी तिथंच होतो, खडेबाजारातल्या एका माडीवर खोली करून. तेव्हा बेळगावला गरिबाचं महाबळेश्वर म्हणत. सकाळी खिडकी उघडली की धुकं थेट आत यायचं आणि आम्ही त्याला फुंकर मारून बाहेर घालवायचो. आता बसमधून उतरलो तर स्वेटर काढून हातात घ्यावा लागला. पूर्वीची थंडी कुठं गेली असं मी एका पानवाल्याला विचारलं. तो म्हणाला, “शाल पांघरून बसलीय मामा, वर महाबळेश्वरला.”

ज्या ऑफिसात गेलो त्याचं नाव घेत नाही, कारण मला परत तिथं जायचं असतं. साहेबांनी “बन्नी, कूत्कोळ्ळी” म्हणून प्रेमानं बसवलं आणि विचारलं, “धूर पडतो कुठं?”

“नदीपलीकडे.”

“मग पलीकडे अर्ज द्या.”

मी पुढच्या आठवड्यात कोल्हापूरला गेलो. तिथल्या साहेबांनी “या, बसा” म्हणून तितक्याच प्रेमानं बसवलं आणि विचारलं, “चिमणी आहे कुठं?”

“नदीअलीकडे. म्हणजे तुमच्या पलीकडे.”

“मग पलीकडे अर्ज द्या.”

“साहेब,” मी म्हणालो, “धूर बरोबर पुलावर असतो तेव्हा तो कुणाचा?”

त्यांनी थोडा विचार केला. “पूल बांधकाम खात्याकडे येतो,” ते म्हणाले.

आमच्या लहानपणी त्या पुलावरून जाताना राज्य बदलतं हे फक्त समोरून येणाऱ्या एसटीच्या रंगावरून कळायचं. आक्काला दिवाळीला आणायला मी सायकलवरून जायचो. ती पाठीमागे बसायची आणि पुलाच्या मधोमध आली की म्हणायची, “वीरू, थांब. हितनं दोन्ही घरं दिसत्यात.” दिसायची नाहीत खरं म्हणजे. पण हवा इतकी स्वच्छ असायची की दिसतात असं वाटायचं.

शेवटी एका जाणत्या माणसानं सांगितलं, अर्ज कन्नडमध्ये टाइप करून वर पाठवा. मी कन्नड बोलतो, भांडतो, बाजार करतो; पण सरकारी कन्नड ही वेगळी भाषा आहे, तशी सरकारी मराठीही आहे. म्हणून खडेबाजारात अतुल नावाच्या टायपिंगवाल्याकडे गेलो. माझा मराठी मसुदा मी फार जीव ओतून लिहिला होता. विषय असा : ‘वीजघरांतून निघणाऱ्या कार्बनवर दोन्ही राज्यांची मिळून एकच कडक सीमा ठरविण्याबाबत.’

क्षमा घरीच म्हणाली होती, “सीमा कशाला? मर्यादा लिहा.” मी म्हटलं, मर्यादा लिहिलं की सुनेला सुनावल्यासारखं वाटतं. सीमा कसं भारदस्त वाटतं. नोकरीत असल्यापासून मला भारदस्त शब्दांची खोड आहे.

अतुलनं चष्मा वर करून विषय वाचला. “सर, विषय एका ओळीत बसला पाहिजे. दोन ओळी झाल्या की साहेब वाचत नाहीत.” मी म्हटलं, बसव. त्यानं बसवला. मी सही केली, अर्ज पोस्टात टाकला आणि बेळगावी गोड कुंदा घेऊन घरी आलो. एका ओळीत बसवताना वीजघर आणि कार्बन बाहेर राहिले आहेत, हे मला नंतर कळलं. विषय उरला होता : ‘दोन्ही राज्यांची सीमा ठरविण्याबाबत.’

पंधरवड्यानं हवालदार महादेव दारात. ओळखीचा माणूस, पण त्या दिवशी टोपी घालून आला होता.

“अण्णा,” तो हळूच म्हणाला, “तुम्ही सीमा ठरवायला लागलाय म्हणं?”

“हो. अगदी कडक.”

त्यानं टोपी काढली. “अण्णा, जुनं लई मोठं प्रकरण हाय ते. कोर्टात हाय. तुम्ही रिटायर माणूस. तब्येतीला जपा.”

“कुणीतरी बोललं पाहिजे महादेव. दोन्ही बाजूंचं नुकसान होतंय. मी तर म्हणतो, दरवर्षी थोडी थोडी खाली आणायची.”

“सीमा? खाली आणायची?” त्याचा चेहरा पांढरा पडला. “कुठवर?”

“जमेल तितकी. शून्यावर आली तर उत्तम.”

महादेव चहा न पिता गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी एका बाजूचे कार्यकर्ते हार घेऊन आले. मला हार घातला, घोषणा दिल्या, आणि ‘एवढी वर्षं कुठं होता’ असं भरल्या डोळ्यांनी विचारलं. पतसंस्थेच्या निरोप समारंभातसुद्धा मला एवढा मोठा हार मिळाला नव्हता, त्यामुळे खुलासा करायला मला थोडा उशीर झाला हे मी कबूल करतो. ते बसलेले असतानाच दुसऱ्या बाजूचे कार्यकर्ते निषेधाचं निवेदन घेऊन आले. क्षमानं दोघांना एकाच पातेल्यातला चहा दिला. मग मी उभा राहून सगळं सांगितलं : आक्का, सूर्य, कोळसा, कार्बन, टायपिंग.

 दोन्ही बाजू पहिल्यांदाच एकमेकांकडे समजुतीनं बघत होत्या.

“म्हणजे धूर?” हारवाले म्हणाले.

“हूं. बरीहोगे,” निवेदनवाले म्हणाले. म्हणजे नुसता धूर.

जाताना हारवाल्यांनी संकोचत हार परत मागितला; दुसरा एक सत्कार होता. मी तो काढून दिला. त्या प्रसंगाबद्दल जास्त बोलायची माझी इच्छा नाही. एवढंच सांगतो, की जमिनीवरच्या रेषेसाठी माझं अंगण भरलं होतं, आणि हवेतल्या विषासाठी त्या अंगणात मी, क्षमा आणि रिकामे कप उरलो.

मारुतीराव मात्र थांबले होते. “अण्णा, तुम्हाला कळलं न्हाय व्हय? ते वीजघर आता वाढवणार हाईत. बारा महिने कोळसा. त्याची जाहीर सुनावणी हाय संक्रांतीनंतर. बोलायचं असंल तर तिथं बोला. नोंद होत्या.”

मी भाषणाची तयारी सुरू केली. श्रद्धानं फोनवरून मुद्दे दिले, मी ते भारदस्त केले. रोज थंड पाण्यानं अंघोळ, मग आरशासमोर भाषण. सुनावणीच्या आदल्या दिवशी नाक वाहू लागलं. सुनावणीच्या सकाळी उठून क्षमाला “चहा” म्हणालो तर नुसती हवा बाहेर आली. आवाज गेला होता.

“गिझर,” क्षमा एवढंच म्हणाली. सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात इतकं छोटं आणि इतकं लागणारं वाक्य तिनं कधी उच्चारलं नव्हतं.

सुनावणी कारखान्याजवळच्या एका मंगल कार्यालयात होती. मागे ‘शुभविवाह’ अशी थर्माकोलची अक्षरं तशीच राहिली होती, आणि त्यांच्याखाली जिल्ह्याच्या अधिकारी मॅडम, कारखान्याचे इंजिनियर आणि माझ्या अर्जाला हात न लावलेले ते बेळगावचे साहेब ओळीनं बसले होते. उप्पीट वाटण्यात आणि स्वागतात दुपार गेली. गर्दी बरीच होती. ऊसवाले होते, कामगार होते. त्यांचंही चुकत नव्हतं. वीजघर चाललं तर त्यांची बिलं लवकर मिळणार होती. मी कोपऱ्यात मफलर गुंडाळून बसलो होतो. तेवढ्यात दारातून आक्का आली. मागं दाजी, हातात पिशवी.

“तू कशी आलीस?” मी हवेतल्या हवेत म्हणालो.

“क्षमाचा फोन आलता. म्हणाली, भाषणाचा कागद हाय, पण आवाज न्हाय. म्हटलं, माझ्याकडं आवाज हाय.”

माझं नाव पुकारलं. मी माइकपुढे उभा राहिलो, तोंड उघडलं. लाउडस्पीकरमधून सायकलची हवा गेल्यासारखा आवाज आला. लोक हसले. तेव्हा आक्का माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “मी ह्याची नदीपलीकडची बहीण. ह्यो सांगंल, मी बोलते.”

बेळगावचे साहेब उठले. “आज्जी, तुम्ही महाराष्ट्रातल्या. इथं तुम्हाला बोलता येणार नाही.”

“धुराला नाक्यावर अडवलं असतं तर मी बी आले नसते,” आक्का म्हणाली.

मॅडम हसू दाबत म्हणाल्या, “बोलू द्या.”

मग माझं भाषण झालं, म्हणजे झालं की नाही ते तुम्हीच ठरवा. मी तिच्या कानात कुजबुजलो : ‘प्रादेशिक स्तरावर कार्बन उत्सर्जनाची एकत्रित कमाल मर्यादा निश्चित करणे अगत्याचे आहे.’ आक्कानं माझ्याकडे जरा बघितलं आणि माइकवर म्हणाली, “ह्यो म्हणतोय, नदीच्या दोन्ही बाजूंनी मिळून किती कोळसा जाळायचा ते एकदा ठरवा.”

मी कुजबुजलो : ‘अन्यथा एका राज्यातील निर्बंधांमुळे उत्सर्जनाचे दुसऱ्या राज्यात स्थलांतर होण्याची शक्यता नाकारता येत नाही.’

“एकट्यालाच अडवलं तर बॉयलर उचलून हे कारखानेवाले पलीकडं न्हेणार. गाय बांधायची तर दोन्ही दारं लावा की.”

‘सदर मर्यादा वर्षानुवर्षे घटविण्यात यावी.’

“आणि दरसाल कमी करा. एकदम सोडा म्हणत न्हाय. तंबाखूसुद्धा हळूहळूच सुटत्या.”

निपाणीकर मंडळींना हे फार आवडलं. टाळ्या पडल्या. तीन आठवडे मी घोटलेलं भाषण तिनं तीन भाकऱ्यांच्या वेळात संपवलं. मला भरून आलं. त्यातलं किती अभिमानानं आणि किती अपमानानं, ते सांगता येणार नाही.

इंजिनियर समजूतदार माणूस होता. तो म्हणाला, “आज्जी, आम्ही चिमणीची उंची वाढवतो. तुमच्या गावावर धूर येणारच नाही. तुम्हाला सूर्य स्वच्छ दिसेल. मग तर झालं?”

मी आक्काकडे बघितलं. हेच तर तिला हवं होतं. एवढ्यासाठीच तिनं फोन केला होता. क्षमा मागच्या बाजूला उभी राहून खिडकीकडे खुणा करत होती. बाहेर ऊन पिवळं पडत चाललं होतं. दाजींच्या पिशवीत डबा होता. आता ‘हो’ म्हणून खाली उतरली असती तर आक्काला जेवता आलं असतं.

आक्कानं खिडकीतून सूर्याकडे बघितलं, अगदी मोजून घेतल्यासारखं. मग ती परत माइककडे वळली.

“उंच केलीसा तर धूर पुढच्या गावात पडंल,” ती म्हणाली. “तिथं बी कुणीतरी ताटावर बसलेलंच असंल की रं. आणि माझी भाची सांगत्या, न दिसणारा तर कुठंच खाली पडत न्हाय. सगळ्यांच्या डोक्यावर राहतोय. मग मी माझ्या ताटापुरतं भांडून जाऊ व्हय?”

 मॅडमनी लिहून घेतलं. मग त्यांनी विचारलं आणि आक्का सांगत राहिली : पूर्वी माडीवरून डोंगर कसे दिसायचे, थंडीत हरभऱ्यावर दव कसं पडायचं, आता दव पडत नाही आणि हरभरा कसा घाट्यावर येण्याआधीच वाळतो. ऊसवाल्यांतला एक म्हातारा, मष्णू नाव त्याचं, उठून म्हणाला, “खरं हाय आक्कांचं. माझी बिलं पाहिजेत मला, पण पाऊस बी पाहिजे.” मग आणखी दोघंतिघं उठले. बाहेर अंधारून आलं तेव्हा सुनावणी संपली.

परतीच्या बसमध्ये आक्का माझ्या शेजारी बसली होती. डबा क्षमाच्या मांडीवर, न उघडलेला. क्षमानं त्यातल्या दशम्या आणि शेंगांची चटणी माझ्यापुढे धरली. सकाळपासून पोटात उप्पिटाशिवाय काही नव्हतं. मी मान हलवली.

“का रं?” आक्का म्हणाली. “तू तर रात्री मिसळ खाणारा माणूस.”

“घसा दुखतोय,” मी कुजबुजलो.

तिनं माझ्याकडे बघितलं. मग खिडकीकडे तोंड करून म्हणाली, “लबाड हायस.” लहानपणी माझी चोरी पकडली की ती असंच म्हणायची, आणि अव्वाला सांगायची नाही.

बारा महिने कोळशाचा तो प्रस्ताव परत गेला, दोन्ही राज्यांनी आधी एकत्र बसावं अशा शेऱ्यासह. एकत्र बसायला त्यांना पावसाळा लागला. बेळगावनं कोल्हापूरला कन्नडमध्ये पत्र लिहिलं, कोल्हापूरनं त्याचं भाषांतर मागवलं; कोल्हापूरनं मराठीत उत्तर दिलं, बेळगावनं भाषांतर मागवलं. शेवटी नाक्याजवळच्या विश्रामगृहात बैठक ठरली आणि नागरिकांचे प्रतिनिधी म्हणून दोन नावं गेली : कर्नाटकातून मी, महाराष्ट्रातून आक्का.

लांब टेबल. एका बाजूला ते राज्य, एका बाजूला हे. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही बहीणभाऊ समोरासमोर, मधे पाण्याच्या बाटल्या आणि पाट्या. बराच वेळ ‘आधी तुम्ही कमी करा’ चाललं. मॅडम खमक्या होत्या, आणि कोल्हापूरच्या बाजूलाही कुणी नवे तरुण साहेब आले होते. दुपारपर्यंत मसुदा तयार झाला : दोन्ही तीरांच्या वीजघरांच्या कार्बनवर मिळून एकच मर्यादा, पहिल्या वर्षी आजच्यापेक्षा थोडी खाली, पुढे दरवर्षी आणखी खाली. श्रद्धाला फोनवर आकडा सांगितला तर ती म्हणाली, “कपात कमी आहे पप्पा. पण मर्यादा कडक करत न्यायची.” मी म्हटलं, बाळ, इथं सही होईपर्यंत थांब.

कारण सही अडली होती. आधी कुणी करायची? हे म्हणाले, मूळ वीजघर आमच्याकडे, मान तुमचा. ते म्हणाले, बैठक तुमच्या सूचनेवरून, मान तुमचा. दोघंही एकमेकांना इतका मान देऊ लागले की मसुदा उद्यावर जाणार अशी चिन्हं दिसू लागली.

आक्कानं मसुदा आपल्याकडे ओढला. “मी सगळ्यांत मोठी. मी करते आधी.” आणि तिनं ठसठशीत अक्षरांत सही केली.

बेळगावचे साहेब वाकून बघू लागले. “आज्जी, चुकलं. हा कर्नाटकाचा रकाना आहे. तुमचा पलीकडचा.”

“चुकलं न्हाय,” आक्का म्हणाली. “माझं माहेर हाय ते.”

 मग तिनं कागद टेबलावरून माझ्याकडे सरकवला. महाराष्ट्राचा रकाना रिकामा होता. तिथं तिचं घर होतं, दाजी होते, तिची पोरं होती जी मला मामा म्हणतात. मी सही केली. मॅडमनी माझ्याखाली केली, तरुण साहेबांनी आक्काच्या खाली केली, आणि मग हे सगळं उलटं झालंय हे लक्षात आल्यावरही कुणी नवा कागद मागवला नाही.

तेव्हापासून सरकारदरबारी मी नदीपलीकडे राहतो आणि आक्का निपाणीत. दुरुस्ती हवी असेल तर अर्ज करा, असं साहेबांनी मला प्रेमानं सुचवलं आहे. मी आक्काला विचारलं. ती म्हणाली, “राहू दे रं. बऱ्याच वर्षांनी माहेरी आलीय मी.”